मशिदीसाठी जागा कशी निवडतात? दौलताबाद ते मुंबईच्या तळ्यापर्यंत

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे निसटलं ते इथे थोडं नीट मांडलंय, आणि दोन-तीन ठिकाणी आकडे जोडलेत. बाकी भाषा बोलण्याचीच ठेवलीय, सांभाळून घ्या.

आज राजा नाही, लढाई नाही, तह नाही. आजचा विषय आहे जागा. एखाद्या शहरात नवी मशीद बांधायची झाली तर ती नेमकी कुठे बांधायची, हे कोण आणि कसं ठरवतं? आणि आपल्या मराठी मुलखात गेल्या सातशे वर्षांत ते कसं ठरत आलं?

हा विषय डोक्यात आला तो शाळेतल्या एका मित्रामुळे. आम्ही दोघंही वाशीचे. वाशी म्हटलं की पुण्या-मुंबईकडची माणसं लगेच विचारतात, "नवी मुंबईतलं का?" तर नाही. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या पठारावरची, तालुक्याचं गाव. मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आलो, तो आर्किटेक्चरला गेला. त्याला शेवटच्या वर्षी प्रकल्प मिळाला: दाट वस्तीच्या गावात नव्या मशिदीसाठी जागा निवडा, जागेचं विश्लेषण करा, मग आराखडा काढा. त्याने मला फोन केला तो एका कोनाचं गणित सोडवून दे म्हणून. गणित दहा मिनिटांत झालं. पण त्या निमित्ताने मी जो वाचत गेलो तो थांबलोच नाही.

आधीच सांगून टाकतो, मला यातून काय सापडलं. इमारत कशी आहे यावरून ती कुणी बांधली ते कळतं. पण ती कुठे आहे यावरून ती कुणासाठी बांधली ते कळतं. घुमट, मिनार, नक्षी यावर बोलणारे पुष्कळ आहेत. जागेवर फारसं कुणी बोलत नाही. आणि आजकाल बोललंच तर "ही जागा आधी कुणाची होती" एवढ्या एकाच प्रश्नावर सुरू होतं आणि तिथेच भांडून संपतं. तो प्रश्न खोटा नाही. पण तो एकटा पुरेसाही नाही.

आधी रिक्वायरमेंट समजून घेऊ

आमच्या धंद्यात कोड लिहायच्या आधी विचारतात, गरज काय आहे? तसं इथे विचारू.

पहिली गरज, दिशा. नमाज मक्केतल्या काबाकडे तोंड करून होते. त्या दिशेला किब्ला म्हणतात. आपल्याकडे सगळे म्हणतात "पश्चिमेला". ते ढोबळमानाने बरोबर आहे. पण पृथ्वी गोल आहे, त्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग धरला तर वाशीहून मक्केची दिशा अगदी पश्चिम येत नाही. पश्चिमेपासून सुमारे ११ अंश उत्तरेकडे सरकते. मुंबईहून साधारण १० अंश, छत्रपती संभाजीनगरहून साधारण ९. हेच ते मित्राचं गणित. आज ते फोनवर होतं. अकराव्या शतकात अल्-बिरुनीने गझनी शहराची किब्ला दिशा काढायला गावागावांचे अक्षांश-रेखांश ठरवण्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. जुन्या काळी सगळीकडे इतकं काटेकोर होत नव्हतं, बऱ्याच ठिकाणी सरळ पश्चिम धरून भिंत उभी राहायची. दूरच्या माणसाने त्या बाजूला तोंड केलं की पुरे, असंच धर्मशास्त्राचे जाणकारही मानत आले.

आता या ११ अंशांनी जागेचं काय होतं बघा. समजा रस्ते अगदी पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आहेत आणि तुमचा प्लॉट २० मीटर बाय २० मीटरचा आहे. किब्ल्याची भिंत ११ अंशांनी फिरवली, तर एका टोकाला सुमारे ४ मीटरचा फरक पडतो. एक तिरका त्रिकोण सुटतो, साधारण ३९ चौरस मीटरचा. एका माणसाला नमाजासाठी साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर लांब जागा लागते. म्हणजे त्या त्रिकोणात पन्नासेक माणसांची जागा गेली. चौकोनी प्लॉटवर चौकोनी मशीद बसवणं कागदावर सोपं, जमिनीवर नाही.

जुन्या कारागिरांनी हा त्रिकोण वाया जाऊ दिला नाही. तिथे जिना आला, चपला काढायची जागा आली, वजूची म्हणजे हातपाय धुण्याची सोय आली, नाहीतर रस्त्याच्या बाजूने दुकानं आली. याचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण इराणमध्ये इस्फहानला आहे. १६११ साली तिथे शाही मशिदीचं काम सुरू झालं. समोरचं भव्य मैदान एका दिशेला, किब्ला दुसऱ्या, आणि दोन्हींत फरक जवळजवळ ४५ अंशांचा. मग त्यांनी दरवाजा मैदानाशी सरळ ठेवला आणि आत शिरल्यावर अख्खी इमारत वळवली. आत जाणारा माणूसही चालता चालता वळतो, त्याला कळतही नाही.

दुसरी गरज, गर्दी. आमच्याकडे याला पीक लोड म्हणतात. रोजच्या पाच नमाजांना येणारी माणसं थोडी, शुक्रवारी दुपारी कित्येक पट, आणि ईदला तर अख्खं गाव. ईदच्या गर्दीपुरती मशीद बांधली तर वर्षभर ती रिकामी वाटेल. यावर उत्तर फार जुनं आहे: ईदगाह. गावाबाहेर मोकळं मैदान आणि पश्चिमेला एक भिंत. वर्षातल्या दोन दिवसांचा भार तिकडे, म्हणजे गावातल्या मशिदीचा हिशोब शुक्रवारपुरता करायचा. मराठवाड्यात बहुतेक मोठ्या गावांच्या कडेला ईदगाह दिसतो, त्याचं साधं कारण हे.

तिसरी गरज, येण्याजाण्याची वाट. नमाजाच्या रांगांना सफ म्हणतात. त्या किब्ल्याच्या भिंतीला समांतर असतात, आणि पहिल्या रांगेला मान असतो. त्यामुळे दालन खोल असण्यापेक्षा रुंद असलेलं बरं. उशिरा येणाऱ्याने नमाज पढणाऱ्याच्या पुढून जायचं नसतं. म्हणजे दार मागून हवं. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, म्हणून दार पूर्वेला. पूर्वेला रस्ता असलेला प्लॉट मिळाला तर देव पावला. रस्ता पश्चिमेला असेल तर मात्र डोकेदुखी: माणसांना कडेने फिरवून मागे न्यावं लागतं, आणि तेवढी पट्टी जागेतून जाते.

चौथी गरज, पाणी. वजूशिवाय नमाज नाही. विहीर, हौद, तळं, पाट, काहीतरी पाहिजेच. दुष्काळी मुलखातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आणि पाचवी, जागेचा हक्क. जमीन विकत घेतलेली किंवा राजीखुशीने दिलेली हवी. मदिनेतल्या पहिल्या मशिदीबद्दल परंपरा सांगते की पैगंबरांची उंटीण जिथे थांबली ती जागा दोन अनाथ मुलांची होती. मुलं फुकट द्यायला तयार होती, पण पैगंबरांनी मोल देऊनच घेतली. बळकावलेल्या जमिनीवरची नमाज जुन्या धर्मशास्त्रींनी सदोष मानली, काहींनी तर ती होतच नाही असं म्हटलं. हे लक्षात ठेवा, कारण आपली पहिलीच गोष्ट या कसोटीवर अडते.

दौलताबाद, १३१८: सत्तेच्या वाटेवर

देवगिरीचं यादव राज्य संपलं आणि दिल्लीच्या खिलजींचा अंमल इथे बसला. १३१८ साली सुलतान कुत्बुद्दीन मुबारक खिलजीच्या वेळी किल्ल्याच्या आत जामा मशीद उभी राहिली. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या मोठ्या मशिदींपैकी ही एक. आत शंभराहून जास्त खांब आहेत, आणि त्यांतले बरेच आधीच्या देवळांचे आहेत, ते पाहताक्षणी ओळखू येतात.

जागा कुठली? किल्ल्याच्या मोठ्या दरवाज्यातून आत गेलं की जी मुख्य वाट वर जाते, तिच्याच कडेला. जवळच भलामोठा हत्ती हौद. पुढे पंधराव्या शतकात बहमनींनी चांद मिनार बांधला तोही समोरच. आपल्या पाच गरजांच्या यादीत बसवून पाहिलं तर दिशा, गर्दी, वाट, पाणी, चारही गोष्टी पक्क्या. पाचवी मात्र नाही.

पण ही जागा कुणासाठी? शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, राज्यकर्त्याचं नाव घेतलं जायचं. नाणी आणि खुतबा, या दोन गोष्टींवरून राज्य कुणाचं ते ठरायचं. नव्याने जिंकलेल्या किल्ल्यात मुख्य वाटेवरची मशीद ही सैन्यासाठी नमाजाची जागा होती आणि त्याच वेळी सगळ्यांना दिसेल अशी घोषणाही होती: राज्य बदललंय. वापरलेले खांबही तेच सांगतात. १९४८ साली निजामाचं राज्य गेल्यानंतर याच दालनात भारतमातेची मूर्ती बसवली गेली, आणि आज लोक त्याला भारतमाता मंदिर म्हणूनच ओळखतात. सातशे वर्षांत एकाच जागेवर दोनदा सांगितलं गेलं की राज्य बदललं. सत्तेने निवडलेल्या जागेचं हे असं होतं. सत्ता हलली की जागेचा अर्थही हलतो.

राजाने जागा निवडली की ती उंचावर किंवा वाटेवर असते, हे नंतरही दिसतं. दिल्लीची जामा मशीद शाहजहानने १६५० ते १६५६ मध्ये बांधली ती भोजला पहाडी नावाच्या टेकाडावर. लाल किल्ल्यातून दिसेल आणि शहराच्या डोक्यावर राहील, अशी.

परांड्याहून खडकीला: वाढणारी मशीद

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. परांड्याचा किल्ला धाराशिव जिल्ह्यातच आहे, त्यातही मशीद आहे. पण ती कोटाच्या आत. खंदक, दरवाजे, पहारे ओलांडून नमाजाला कोण येणार? किल्ल्यात राहणारेच. दौलताबादसारखाच प्रकार, फक्त लहान.

१६०० साली मुघलांनी अहमदनगर घेतलं. तेव्हा निजामशाहीचा एक सरदार हार मानायला तयार नव्हता. त्याने निजामशाही घराण्यातल्या एका मुलाला मुर्तजा निजामशाह म्हणून याच परांड्यात गादीवर बसवलं. तो सरदार म्हणजे मलिक अंबर. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला माणूस, पुढे निजामशाहीचा खरा कारभारी झाला. आमच्याकडे परांडा म्हटलं की तोफा आठवतात, पण काही काळ तिथे एका राज्याची राजधानी होती हे पोरांना माहीतच नसतं.

याच मलिक अंबरने १६१० मध्ये दौलताबादजवळ खाम नदीकाठच्या खडकी गावी नवं शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. आणि इथे जागा निवडायची पद्धत बदललेली दिसते. त्याच्या नावावर शहरात एक नाही, अनेक मशिदी सांगितल्या जातात. लोक त्यांतल्या काहींना काळी मशीद म्हणतात, दगडाच्या रंगावरून. म्हणजे एकच भव्य इमारत नाही. पेठ वसली की तिच्याबरोबर तिची मशीद, अशी मांडणी.

जामा मशीद मात्र मोठी. आज ती किले अर्कजवळ आहे, पण किले अर्क औरंगजेबाने नंतर बांधला, मशीद आधीची. तिचे खांब पन्नास, पाच ओळींत, म्हणजे एका ओळीत दहा. दहा खांबांमधले गाळे नऊ, आणि दर्शनी कमानीही नऊच. यांतल्या पाच कमानी १६१२ साली मलिक अंबरने उभ्या केल्या, उरलेल्या चार औरंगजेबाच्या काळात जोडल्या गेल्या.

मला इथे थांबावंसं वाटतं. पाचाच्या नऊ कमानी झाल्या, म्हणजे मशीद रुंदीत वाढली. किब्ल्याच्या भिंतीच्या ओळीत, आडवी. सफ लांब झाली, मागे खोल गेली नाही. हे शक्य कधी होतं? जेव्हा मूळ जागा निवडतानाच बाजूला मोकळी जमीन असते आणि खांब-कमानीचा गाळा असा ठरवलेला असतो की तोच पुढे पुन्हा पुन्हा जोडता येईल. आमच्या भाषेत याला मॉड्युलर म्हणतात. मलिक अंबरने पुढच्या गर्दीचा विचार मनात धरला होता की नाही ते कागदावर नाही, पण जागेवर आहे. आणि पुढे त्याच्या शत्रूच्या नातवाला, म्हणजे अकबर-जहांगीरच्या वंशातल्या औरंगजेबाला, ती मशीद पाडून नवी बांधायची गरज पडली नाही. चार कमानी जोडून काम भागलं.

आणि पाणी? नहर-ए-अंबरी. शहराच्या उत्तरेच्या डोंगराकडून जमिनीखालच्या पाटाने पाणी आणायचं, वाटेत उंच बंबे ठेवायचे म्हणजे हवा निघून जाते आणि दाब सांभाळला जातो. या नहरींचं जाळं नंतरच्या काळात वाढतच गेलं. मशिदींचे हौद त्यातूनच भरायचे. म्हणजे मशिदी पाण्याच्या नकाशाशी जोडलेल्या होत्या. शहर वसवणाऱ्याने पाणी, पेठ आणि मशीद यांचा मेळ घातला. आजही नव्या वस्तीत पाणी मागे राहिलं की काय होतं, ते टँकरची वाट बघणाऱ्यांना विचारा.

शहागंज, १७२० च्या सुमारास: बाजाराच्या मधोमध

याच शहरात शंभर वर्षांनी शहागंजची मशीद झाली, आणि माझ्या मते जागेच्या विश्लेषणाचा हा महाराष्ट्रातला सर्वांत सुंदर धडा आहे.

जागा म्हणजे शहराचा मोठा बाजारचौक. गोंगाट, बैलगाड्या, धान्याच्या राशी. तिथे प्रार्थना कशी होणार? उत्तर असं: मशीद उंच चौथऱ्यावर घेतली. चौथऱ्याच्या तीन बाहेरच्या बाजूंना खाली दुकानं, आणि चौथ्या म्हणजे उत्तरेच्या बाजूने वर जायला पायऱ्या. वर गेलात की अंगण, त्यात पाण्याचे दोन मोठे हौद, आणि पुढे पाच कमानींचं दालन.

एका चौथऱ्याने किती गोष्टी साधल्या ते मोजू. एक, गोंगाट खाली राहिला. दोन, दिशेचा प्रश्न सुटू शकतो. चौथरा बाजाराशी सरळ ठेवता येतो, वरची इमारत किब्ल्याशी. तीन, दुकानांच्या भाड्यातून मशिदीचा खर्च निघायची सोय झाली. दिवाबत्ती, झाडलोट, पाणी, इमामाचं मानधन, हे दर महिन्याला कुणापुढे हात न पसरता चालायचं तर जागेनेच कमावलं पाहिजे. वक्फ म्हणजे धर्मादाय कामासाठी कायमची बांधून दिलेली मालमत्ता. तिच्यामागची कल्पना हीच. आणि चार, बाजारातला माणूस दुकान उघडं ठेवून पाच मिनिटांत वर जाऊन नमाज पढून खाली येऊ शकला. त्याला घरी किंवा किल्ल्यात जावं लागलं नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या काळाचा इतिहास लिहिणारा खाफीखान या जागेचा उल्लेख करतो. तो सांगतो की शहागंजचा मोठा हौद दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अलीने सुरू केला. पुढे इवज खानाने इमारती आणि मशीद वाढवली, उंच केली. पण हौदाचं श्रेय मात्र पहिल्याचंच. आणि का? तर उन्हाळ्यात पाण्याची टंचाई होते तेव्हा शहरातल्या लोकांचे हाल त्या हौदामुळे कमी होतात.

बघा, इतिहासकाराने मशिदीच्या कमानींचं कौतुक केलं नाही. हौदाचं केलं. तेही लोकांच्या तहानेचा हिशोब करून. तहानलेल्याला कुणी जात-धर्म विचारत बसत नाही. म्हणजे ज्या जागेची गरज मशिदीच्या वजूपासून सुरू झाली असेल, ती अख्ख्या पेठेच्या उपयोगाची ठरली. किंवा उलटं म्हणा: पाण्यामुळे लोक आधीच जिथे जमत होते, तिथे मशीद रुजली. दौलताबादची जागा वाटेवरून जाणाऱ्याला कुणाची सत्ता आहे ते सांगत होती. शहागंजची जागा त्याला पाणी देत होती. फरक इथे आहे.

मुंबई, १७७५ ते १८०२: तळ्याची अट

शेवटचा मुक्काम मुंबई. क्रॉफर्ड मार्केटजवळ, शेख मेमन स्ट्रीटवरची जामा मशीद. तिथून लाखो लोक जातात, पण आत तळं आहे हे फार कमी जणांना माहीत असतं.

अठराव्या शतकात ही जागा कोटाबाहेरची, बागांची होती, आणि तिथे एक तळं होतं. जमीन होती एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची, गोवा आणि कालिकतशी व्यापार करणाऱ्याची. मशिदीला जागा द्यायला तो तयार झाला, पण एका अटीवर: तळं बुजवायचं नाही.

आता आर्किटेक्टच्या जागी स्वतःला ठेवा. जागा मिळाली, पण मधोमध पाणी. आजचा बिल्डर काय करेल ते तुम्हाला-मला माहीत आहे. रात्रीतून डंपर येतील. त्या लोकांनी मात्र तळ्याच्या तळापासून काळ्या दगडाच्या सोळा कमानी उचलल्या आणि मशीद पाण्यावर उभी केली. काम १७७५ मध्ये सुरू झालं, मध्ये वादांमुळे रखडलं, आणि १८०२ साली पुरं झालं. मशिदीच्या नावाची एक गंमत आहे. अरबी अक्षरांना आकडे असतात, त्यातून सन लपवतात. इथे शब्द निवडले "जहाज-ए-आखिरत", परलोकाचं जहाज. अक्षरांची बेरीज करा, हिजरी १२१७ येतं, म्हणजे १८०२. पाण्यावर उभ्या इमारतीला, दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या जमातीने दिलेलं नाव. एवढं चपखल नाव मी तरी दुसरं पाहिलं नाही.

तळ्यात पाणी येतं ते तळाच्या झऱ्यांचं. १८९३ मध्ये त्याला पक्क्या पायऱ्या आणि कठडे बांधले गेले. मुख्य दरवाजा पूर्वेला, आपल्या यादीतली तिसरी गरज आठवा. आणि मशिदीभोवती दुमजली इमारतींचं कडं, ज्यांचे तळमजले दुकानांना भाड्याने. शहागंजचाच विचार, मुंबईच्या गर्दीत. पुढे बाजूचे भाग आणि वरचा मजला वाढला, पण खाली तळं राहिलं.

इथे राजा नव्हता. राज्य कंपनीचं होतं, आणि कंपनीला खुतब्यात रस नव्हता. जागा ठरवली ती एका जमातीने, आपसात घासाघीस करून, जमीनमालकाची अट पाळून. जागेचा हक्क, पाणी, बाजार, वाट, सगळं जुळवून. दौलताबादपासून इथपर्यंतचा प्रवास एका ओळीत सांगायचा तर मशीद राजवाड्याच्या वाटेवरून निघाली आणि बाजारात, लोकांमध्ये येऊन बसली.

आणि आजची तालुक्याची गावं

आता कुणी म्हणेल, हे जुनं झालं, आज काय? आज यादीत काही गोष्टींची भर पडलीय. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशात सांगितलं की रस्ते, बागा, सार्वजनिक जागांवर कुठलंही अनधिकृत धर्मस्थळ उभं राहू द्यायचं नाही: मंदिर असो, चर्च असो, मशीद असो, गुरुद्वारा असो. म्हणजे पाचवी गरज, जागेचा हक्क, आता कायद्याचीही आहे. सातबारा, बांधकाम परवानगी, हे आधी, दगड नंतर. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. पहाटेची अजान वर्षातला बराच काळ सहाच्या आत येते. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. म्हणजे जागा निवडतानाच नकाशावर ही वर्तुळं काढली तर पुढचं अर्धं भांडण होतच नाही. आणि पार्किंग. शुक्रवारी दुपारी एक वाजता तुमच्या रस्त्यावर किती मोटरसायकली लागणार, ते आधी मोजा. रस्ता अडला की शेजारी वैतागतो, आणि त्याचा वैताग धर्माच्या नावाने बाहेर पडायला वेळ लागत नाही.

मी हे विश्लेषण मित्राबरोबर आमच्या गावापुरतं नुसतं कागदावर करून पाहिलं. चार कल्पित प्लॉट, पाच गरजा, प्रत्येकाला गुण. सुरुवातीला जो प्लॉट सर्वांत जास्त दर्शनी, हमरस्त्यावरचा, तो आम्हाला आवडला होता. गुण घातल्यावर तो तिसरा आला: रस्ता पश्चिमेला, पाणी लांब, पार्किंग नाही. पहिला आला तो आतल्या गल्लीतला, पूर्वेला रस्ता असलेला, शेजारी जुनी विहीर असलेला. मग मित्राने सहावा रकाना वाढवला, आणि मला तो पाचांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. रकान्याचं नाव: "जो नमाज पढत नाही त्याला या जागेतून काय मिळेल?" विहिरीचा गाळ काढून ती गल्लीला खुली करायची, हे त्याचं उत्तर. पावसाचं छतावरचं पाणी त्याच विहिरीत सोडायचं, हे माझं.

हा रकाना आम्ही शोधून काढलेला नाही. शहागंजच्या हौदात तो आहे, मुंबईच्या व्यापाऱ्याच्या अटीत तो आहे. दौलताबादच्या जागेत तो नव्हता. आणि हा रकाना फक्त मशिदीला लागू आहे असंही नाही. उद्या तुमच्या गावात नवं मंदिर, विहार, चर्च, समाजमंदिर, काहीही व्हायचं असेल तर समितीच्या पहिल्याच बैठकीत कळसाच्या उंचीआधी एवढा प्रश्न विचारून बघा.

या भागासाठी एक काम देतो. तुमच्या गावातल्या सर्वांत जुन्या मशिदीची जागा जाऊन बघा. दार कुठल्या दिशेला आहे, पाणी कुठून येतं, दुकानं आहेत का, रस्त्याशी इमारत तिरकी आहे का, आणि हौद किंवा विहीर असेल तर ती आज कोण वापरतं. फोटो आणि चार ओळी पाठवा. परांडा, भूम, कळंब, नळदुर्गकडच्यांनी तर नक्कीच पाठवा. पुढच्या भागात नहर-ए-अंबरीच्या बंब्यांबद्दल सविस्तर बोलू. तोपर्यंत, भेटूया.